आजचे मनन: एक वचन मागे जा
वाचन: यिर्मया 28 आणि 29:1-14

यिर्मया 29:11 आपल्यापैकी कितीतरी जणांच्या मोबाईलवर वॉलपेपर म्हणून आहे. मागे एका सभेत उपदेशकाने हेच वचन वाचून माझ्या मैत्रिणीला सांगितलं, "तीन महिन्यांत व्हिसा येईल, विश्वासाने अर्पण दे." तिने साठवलेले पैसे दिले. व्हिसा आला नाही. तिने बायबल उघडणंच सोडलं.

आता एक वचन मागे जा. दहाव्या वचनात काय आहे? सत्तर वर्षे! हे पत्र यरुशलेमेतून बाबेलला नेलेल्या बंदिवानांना आहे. घरं बांधा, बागा लावा, त्या नगरासाठी प्रार्थना करा, असं यिर्मया त्यांना लिहितो. म्हणजे लवकर सुटका नाही.

28 व्या अध्यायातला हनन्या मात्र दोनच वर्षांचा वायदा करतो, तोही परमेश्वराचं नाव घेऊन. लोकांना कोणाचं बोलणं गोड वाटलं असेल?

फसवणूक अशीच होते. वचन खरंच असतं, पण ते कोणाला आणि कधी दिलं, हे गाळलेलं असतं.

बंदिवान पुढे खरोखर परतले. देवाचं वचन खोटं ठरलं नाही. मैत्रिणीला मी एवढंच म्हटलं, "तीन महिने देवाने सांगितलेच नव्हते गं."

आज करून पाहा: आवडत्या वचनाच्या आधीची आणि नंतरची दहा वचनं वाचा. बिरुयाच्या लोकांनी पौलाचं बोलणंसुद्धा शास्त्रात तपासलं (प्रेषितांची कृत्ये 17:11).

प्रार्थना: प्रभू, तुझं वचन अर्धं नको, पूर्ण ऐकायला शिकव. आमेन.