वाहनाचा आवाज आणि माणसांचे हक्क

हजरत लुकमान (अ.) यांनी आपल्या पुत्राला केलेल्या उपदेशात चालीतील मध्यमपणा आणि आवाजातील सौम्यता या दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत (सूरह लुकमान : १९). आज आपण वाहनाने चालतो. तेव्हा हा उपदेश वाहनासाठीही आहे.

काही तरुण मोटारीचा वा मोटारसायकलचा मूळ सायलेन्सर काढून कर्कश आवाजाचा बसवितात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार आवाजाची मर्यादा मोडणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. परंतु श्रद्धावंताची जबाबदारी दंड भरून संपत नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) मस्जिदीत एतिकाफमध्ये असता लोक मोठ्याने कुरआन पठण करीत होते. प्रेषितांनी (स.) पडदा बाजूला सारून, एकमेकांना त्रास देऊ नका, अशी ताकीद दिली (अबू दाऊद). जिथे कुरआन पठणानेही इतरांना त्रास होता कामा नये, तिथे सायलेन्सरच्या आवाजाला कोणती सबब उरते?

अल्लाहच्या हक्कातील चूक खऱ्या तौबेने माफ होते. माणसाचा हक्क मात्र त्या माणसानेच माफ करावा लागतो. मध्यरात्री दचकून जागा झालेला रुग्ण, रडू लागलेले तान्हे बाळ. यांची नावेही भरधाव जाणाऱ्याला ठाऊक नसतात. तो क्षमा कोणाकडे मागणार?

म्हणून पालकांनो, मुलाच्या हाती किल्ली देतानाच त्याला हे समजावून सांगा. आणि ज्याने असा बदल केला असेल, त्याने आजच मूळ सायलेन्सर बसवून घ्यावा. त्याच्या तौबेची सुरुवात तेथूनच होईल.