धुतले म्हणजे स्वच्छ झाले का?



पुस्तकातल्या चित्रात जिवाणू सुटासुटा दाखवलेला असतो. प्रत्यक्षात मात्र जिवाणूंना वस्ती करून राहणे आवडते. पाण्याचा माठ आठ दिवस घासला नाही तर आतून बुळबुळीत लागतो. सकाळी दात घासण्यापूर्वी जिभेला दातांवर चिकट लेप जाणवतो. लेव्हेनहूक यांनी १६८३ मध्ये दातांवरचा असाच लेप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यात हलणारे जीव पाहून ते चकित झाले. अशा थराला शास्त्रज्ञ 'बायोफिल्म' किंवा जैवपटल म्हणतात.

थर कसा तयार होतो?

ओल्या पृष्ठभागावर आधी अन्नाचे सूक्ष्म कण बसतात. त्यांच्या आधाराने काही जिवाणू चिकटतात, वाढतात आणि शर्करा व प्रथिने यांचा डिंकासारखा पदार्थ बाहेर टाकतात. या डिंकाच्या आत ते सुरक्षित राहतात. वरून टाकलेले जंतुनाशक वरच्या थरातच संपते, खालचे जिवाणू जिवंत राहतात. पुढे थराचे तुकडे सुटतात आणि जवळच्या अन्नात मिसळतात. अनुकूल परिस्थितीत काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. म्हणजे एका जिवाणूचे सहा तासांत २,६२,१४४ होऊ शकतात. गणित करून पाहा!

मांसाच्या कारखान्यातील धोका

मांसात प्रथिने आणि ओलावा भरपूर असतो. म्हणून मांस कापणाऱ्या यंत्रांच्या फटी, सरकते पट्टे आणि गटारांची तोंडे या जिवाणूंच्या आवडत्या जागा आहेत. साल्मोनेला आणि लिस्टेरिया हे त्यांतील दोन घातक जिवाणू. लिस्टेरिया तर फ्रिजच्या थंडीतही हळूहळू वाढतो.

२००८ मध्ये कॅनडातील टोरंटो येथे मेपल लीफ फूड्स या कंपनीच्या कारखान्यातील तयार मांसातून लिस्टेरियाची साथ पसरली. ५७ जणांना लागण झाल्याचे सिद्ध झाले आणि वीसहून अधिक माणसे दगावली. तेथे यंत्रे रोज धुतली जात होती. तरीही मांसाचे काप करणाऱ्या यंत्रांच्या आतल्या भागात, जेथे ब्रश पोहोचत नव्हता, तेथे जिवाणू ठाण मांडून बसले असावेत असा निष्कर्ष निघाला. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये अशाच तयार मांसामुळे १,०६० जणांना लागण झाली आणि २१६ जणांचा मृत्यू झाला. रुग्णांपैकी सुमारे चाळीस टक्के नवजात बालके होती. त्यांनी मांस खाल्ले नव्हते. संसर्ग आईकडून आला होता.

आपल्या गावात

आदिलाबादेत असे मोठे कारखाने नसले तरी हा नियम येथेही लागू आहे. कोंबडीच्या दुकानात पिसे काढायचे फिरते यंत्र असते. त्याच्या रबरी बोटांना भेगा पडल्या की त्यांत थर साठतो. मटणाच्या दुकानातील लाकडी ठोकळ्यावर सुऱ्याचे घाव पडतात, तेथेही तेच. घरी मांस शिजत नसेल तरी निश्चिंत राहू नका. दुधाचे भांडे, भाजीची विळी, ओला भांड्यांचा चोथा आणि शाळेच्या पाण्याची टाकी या ठिकाणीही थर बसतोच.

सफाईचा क्रम

१. चिकटलेले अन्न खरवडून काढावे.
२. साबण लावून जोराने घासावे. डिंक तुटतो तो घासण्यानेच.
३. स्वच्छ पाण्याने साबण पूर्ण धुवावा.
४. त्यानंतर उकळते पाणी किंवा योग्य प्रमाणातील ब्लीचिंगचे पाणी वापरावे. (ब्लीचिंगमध्ये आम्ल कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो.)
५. कोरडे करावे. ओलावा नसेल तर नवा थर बसत नाही.

घाणीवरच ब्लीचिंग ओतले तर ते घाणीतच खर्च होते. आपल्या आजी राखेने आणि नारळाच्या शेंडीने भांडी घासून उन्हात पालथी घालत. त्यात घासणेही होते आणि वाळवणेही. कच्ची कोंबडी मात्र नळाखाली धुवू नये. शिंतोड्यांबरोबर जिवाणू ओट्यावर पसरतात. ते मरतात ते नीट शिजवल्याने. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट वेगळा ठेवावा.

हैदराबादला १९९९ पासून मांसावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, आणि २०११ पासून लागू असलेल्या अन्न सुरक्षा नियमांत मांसविक्रेत्यांसाठी स्वच्छतेची वेगळी कलमे आहेत. पण कायदा रोज सकाळी ठोकळा घासायला येत नाही. ते हातांचे काम आहे. पालकांनी दुकानात भाव विचारताना ठोकळ्याकडेही पाहावे. विश्वस्त मंडळाने शाळेची पाण्याची टाकी रिकामी करून, आतून घासून घेण्याची तारीख ठरवावी आणि ती टाकीवर लिहावी. टाकीत नुसते औषध टाकणे पुरेसे नाही.

करून पाहा

रुंद तोंडाच्या दोन सारख्या बाटल्या घ्या. रोज दोन्हींत ताजे पाणी भरा. एक नुसती विसळा, दुसरी साबण व ब्रशने घासा. दहाव्या दिवशी आतून बोट फिरवून फरक वहीत लिहा. पहिल्या बाटलीतील पाणी पिऊ नका आणि नंतर हात धुवा.

स्वाध्याय

१. जंतुनाशकापूर्वी घासणे का आवश्यक आहे?
२. टोरंटोची यंत्रे रोज धुऊनही साथ का पसरली?
३. आपल्या घरातील, हात न पोहोचणाऱ्या तीन ओल्या जागा शोधा आणि त्या कशा घासता येतील ते आईवडिलांबरोबर ठरवा.