क्रॉयडनच्या उतारावरचा निवांत बाजार

महाबळेश्वरला गेलं की संध्याकाळी बाजारपेठेत एक फेरी होतेच. चणे आणि चिक्की घ्यायची हे ठरलेलं असतं, तरी पाय प्रत्येक दुकानापाशी रेंगाळतात. दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनला डोंगर नाही, पण गावाच्या मध्यभागी उतार आहे, उताराच्या पायथ्याशी जुनी मंडई आहे आणि रेंगाळण्यासारखं पुष्कळ आहे. इथला बाजार धावतपळत उरकू नका. महिन्यातून एक दिवस राखून ठेवा आणि पुढच्या क्रमाने जा.

१. वार नीट निवडा

सोमवार ते शनिवारमधला कोणताही दिवस चालेल. गर्दी नको असेल तर आठवड्याच्या मधला वार बरा. रविवार शक्यतो टाळा. 1994च्या कायद्यानुसार इंग्लंडमधली मोठी दुकानं रविवारी सलग सहा तासच उघडी ठेवता येतात, त्यामुळे दिवस आखडतो.

२. यादीत दोन-दोन नावं लिहा

घरातून निघण्यापूर्वी यादी करा आणि मराठी नावापुढे दुकानातलं नाव लिहा. पोहे हवे असतील तर गुजराती पाकिटावर ‘पौवा’ आणि तमिळ पाकिटावर ‘अवल’ असतं. साबुदाणा ‘सेगो’ किंवा ‘जव्वरिसी’ म्हणून मिळतो. शेवग्याच्या शेंगांना ‘ड्रमस्टिक’ किंवा ‘मुरुंगक्काय’ म्हणतात. सोबत चाकांची पिशवी आणि दोन-तीन कापडी पिशव्या घ्या. इथे 2021पासून दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीला किमान 10 पेन्स पडतात.

३. सुरुवात ट्रामने करा

ईस्ट क्रॉयडन स्टेशनबाहेर वेस्ट क्रॉयडनकडे जाणारी ट्राम पकडा. चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्राला कार्ड लावा. इथे उतरताना पुन्हा लावावं लागत नाही. पहिल्यांदा कार्ड लावल्यापासून तासाभरात दुसरी ट्राम किंवा बस घेतली, तर वेगळं भाडं पडत नाही.

४. आधी कोरडा जिन्नस

वेस्ट क्रॉयडनहून लंडन रोडवर उत्तरेकडे चालू लागा. तमिळ, गुजराती, पाकिस्तानी, अफगाणी अशी नाना तऱ्हांची वाणसामानाची दुकानं इथे आहेत. पोहे, डाळी, मसाले आधी घ्या, कारण ते दिवसभर पिशवीत राहिले तरी बिघडत नाहीत. पोह्यांचं पाकीट उजेडात धरून जाड आहेत की पातळ ते पाहा. दडपे पोह्यांचा बेत असेल तर पातळच हवेत. कढीपत्ता नाकाशी धरा. वास आला तरच घ्या.

५. दुपारी विसावा

परत येऊन नॉर्थ एंड या रस्त्याला लागा. तिथे गाड्यांना बंदी आहे, त्यामुळे लहान मुलांना आणि आजी-आजोबांना मोकळेपणाने चालता येतं. कपडे आणि बूट इथेच बघा. पावती जपून ठेवा. वस्तू सदोष निघाली, तर 2015च्या ग्राहक कायद्यानुसार 30 दिवसांच्या आत पैसे परत मागता येतात. नुसता विचार बदलला तर मात्र दुकानात घेतलेली वस्तू परत घेण्याचं बंधन दुकानदारावर नाही. तेव्हा परतीचा नियम आधीच विचारा.

रस्त्याच्या टोकाला, जॉर्ज स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, विटांची एक बुटकी जुनी इमारत दिसेल. आर्चबिशप जॉन व्हिटगिफ्ट यांनी 1596मध्ये स्थापन केलेलं हे वृद्धांचं निवासस्थान आहे. आजही तिथे वृद्ध माणसं राहतात. भर पेठेत चारशेहून जास्त वर्षं हे घर टिकून आहे. क्षणभर थांबून बघावं असंच ते आहे.

६. शेवटी भाजी

इथून क्राउन हिलचा उतार उतरलात की सरे स्ट्रीटची मंडई लागते. या बाजाराची सनद 1276ची. दुपारी तीनच्या सुमाराला जा. तेव्हा निवडायला माल असतो आणि आवराआवर जवळ आल्याने भावही उतरू लागतात. टोमॅटो, मिरच्या, आंबे वाडग्यात मांडलेले असतात आणि भाव अख्ख्या वाडग्याचा असतो. वरची फळं बघून भुलू नका, तळाची दाखवायला सांगा. फळ दाबून मात्र पाहू नका.

या भागात कॅरिबियन कुटुंबंही पुष्कळ आहेत. त्यांच्या भाज्या ओळखायला शिका, आपलं निम्मं स्वयंपाकघर त्यांत सापडेल. जमैकाची माणसं ज्या पालेभाजीला ‘कॅलालू’ म्हणतात, तो आपला माठ. त्रिनिदादमध्ये मात्र त्याच नावाने अळूची पानं ओळखली जातात. म्हणून नावावर जाऊ नका, पान हातात घ्या. देठ रसरशीत आणि पान मऊसर असेल तर लसणाच्या फोडणीवर परता. पान रुंद, हृदयाच्या आकाराचं असेल तर चिंच लावल्याशिवाय शिजवू नका, घसा खवखवेल. ‘एडो’ नावाचे केसाळ कंद म्हणजे अळकुड्या. छोट्या ढोबळ्या मिरचीसारखी दिसणारी ‘स्कॉच बॉनेट’ जहाल तिखट असते, तेव्हा तिच्यापासून जपून.

ओळखू आलं नाही तर विक्रेत्याला विचारा, ‘तुम्ही हे घरी कसं करता?’ या एका प्रश्नासाठीच निवांत दिवस हवा. घाईच्या गिऱ्हाईकाला भाजी मिळते, थांबणाऱ्याला तिची कृतीही मिळते.

७. चढ ट्रामवर सोपवा

भरलेली पिशवी घेऊन क्राउन हिल चढू नका. खालच्या चर्च स्ट्रीट थांब्यावरून वेस्ट क्रॉयडनकडे जाणारी ट्राम वळसा घालून तुम्हाला ईस्ट क्रॉयडनला सोडते. जड माल शेवटी घ्यायचा, तो एवढ्यासाठीच.

घरी पोचल्यावर पालेभाजी आधी निवडा, बाकीचं सामान नंतर लावा. माठ त्याच रात्री भाकरीबरोबर खा. आणि यादीत ‘माठ’पुढे ‘कॅलालू’ लिहायला विसरू नका. पुढच्या महिन्यात ती यादी दुसऱ्या कुणाला तरी उपयोगी पडेल.