अझोला : पाण्यावरचें लहान नेचें



आंबे शिवथर, कसबे शिवथर व कुंभे शिवथर ह्या गांवांस पावसाची वाण नाहीं. श्रावणांत घळीपुढें उभें राहिलें असतां धबधब्याच्या गर्जनेनें शेजारच्या मनुष्याचें बोलणेंही ऐकूं येत नाहीं. परंतु तें सर्व पाणी उतारावरून धांवत अखेर सावित्रीस मिळतें, आणि चैत्र-वैशाखांत गोठ्यांतील गाय सुक्या पेंढ्याकडे तोंड फिरवून उभी राहते. पेंढ्यानें पोट भरतें, पण त्यांत सत्त्व थोडें. पेंड विकत आणावी तर दुधाचा पैसा तींतच जातो. अशा कुटुंबांकरितां हा पाठ लिहिला आहे. उपदेशकबंधूंनीं तो मंडळींत वाचून दाखवावा.

अझोला हें शेवाळ नव्हे. तें नेच्याच्या जातीचें असून त्यास फूल येत नाहीं. लामार्क नामक फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानें 1783 सालीं त्यास हें नांव दिलें. त्याचा अर्थ, कोरडें पडतांच मरणारें. हा अर्थ ध्यानांत ठेविला म्हणजे निगेचें अर्धें काम झालें. त्याच्या वरच्या पानांत बारीक पोकळी असते व तींत अनाबीना नांवाचा सूक्ष्म जीव राहतो. हा जीव हवेंतील नत्र ओढून अझोल्यास पुरवितो. अझोला त्यास आसरा देतो. म्हणून नत्राचें खत न घालतांही तो वाढतो. मात्र स्फुरद त्यास बाहेरूनच मिळावें लागतें, आणि आपल्या तांबड्या जमिनीची मोठी खोड हीच कीं, ती स्फुरद धरून ठेवते, सोडीत नाहीं.

खड्डा दोन मीटर लांब, तितकाच रुंद व एक वीत खोल घ्यावा. तळ सपाट करून त्यावर जाड प्लास्टिकचा कागद अंथरावा. तो फाटका असल्यास पुढील सर्व श्रम व्यर्थ. त्यावर चाळलेली सुपीक माती 10 ते 15 किलो पसरावी. दोन किलो ताजें शेण व 30 ग्रॅम सुपर फॉस्फेट 10 लिटर पाण्यांत कालवून ओतावें, व चार बोटें पाणी राहील इतकें भरावें. वर अर्धा ते एक किलो जिवंत अझोला सोडावा. पंधरवड्याच्या आंत खड्डा हिरवा होतो, आणि मग रोज अर्ध्या किलोच्या आसपास काढतां येतो. दर पांच दिवसांनीं एक किलो शेण व 20 ग्रॅम सुपर फॉस्फेट घालावें. दहा दिवसांनीं पाण्याचा चौथा भाग व महिन्यानें थोडी माती बदलावी.

काढण्यांत हयगय करूं नये. दाटी झाली कीं खालचा थर कुजतो व पाण्यास दुर्गंधी सुटते. पानें तांबूस दिसूं लागलीं, तर ऊन कडक झालें किंवा स्फुरद कमी पडलें असें समजावें. उन्हाळ्यांत वर मांडव घालावा. झाडाखालीं खड्डा केल्यास गळलेलीं पानें रोज वेंचावीं लागतात. आषाढांत वरून झांकण नसलें, तर एका रात्रीच्या पावसांत अझोला कांठावरून वाहून जाईल. कीड पडल्यास औषध मारूं नये, कारण तें गुरांच्या पोटांत जाणार. खड्डा रिकामा करून नव्यानें भरावा.

आतां एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. अझोल्याची फार वाखाणणी होते. कोरड्या अझोल्यांत सुमारें पाव भाग प्रथिन असतें हें खरें. पण ओल्या अझोल्याच्या 100 भागांत 90 हून अधिक पाणीच असतें! एका खड्ड्याच्या रोजच्या पिकांतलें सत्त्व मूठभर शेंगदाणा-पेंडीहून अधिक भरत नाहीं. कोंबड्यांस तें पुष्कळ आहे; गाईस निदान तीन-चार खड्डे हवेत, व तरीही पेंड अजिबात बंद करूं नये. देतांना शेणाचा वास जाईपर्यंत धुवावा, आणि प्रथम चुणीभुशांत मिसळून संवय लावावी.

भातास त्याचा उपयोग अधिक खात्रीचा आहे; व्हिएतनाम व चीन येथील शेतकरी तो कित्येक पिढ्यांपासून करीत आले. लावणीनंतर आठ-दहा दिवसांनीं गुंठ्यास पांच किलोप्रमाणें अझोला पसरावा. तो पसरून दाट झाला म्हणजे पाणी उतरवून पायांनीं चिखलांत तुडवावा. कुजतां कुजतां तो हेक्टरीं 20 ते 30 किलो नत्र भातास देतो, आणि दाट असतां तणही दाबतो. परंतु डोंगरकडेच्या खाचरांत पाणी बांधावरून अखंड वाहतें. तेथें तो टिकणार नाहीं. खालच्या सपाट खाचरांतच करावा, व पाण्याच्या तोंडास बांबूची जाळी लावावी.

पिण्याच्या पाण्याच्या टांकींत वा गांवच्या तळ्यांत मात्र तो कोणीं सोडूं नये. पृष्ठभाग झांकला गेला कीं खालीं हवा पोंचत नाहीं, मासे मरतात, आणि मग तो काढतां काढतां सारा गांव थकतो.

सहा महिन्यांनीं खड्डा उपसून नवा भरावा. निघालेला चिखल व पाणी अळूच्या वाफ्यास घालावें.