भृगू तलावाला निघण्याआधी घ्यायचा एक तास



मे महिना लागला की आपल्याकडची बरीच मुलं पाठीवर सॅक टाकून मनालीला निघतात. त्यातल्या पुष्कळांचा ट्रेक असतो भृगू तलावाचा. बूट, स्वेटर, गॉगल ही यादी सगळ्यांकडे असते. (गॉगल शोभेचा नाही बरं का. बर्फावरून परत येणाऱ्या उन्हाने डोळ्यांना खरोखर इजा होते.) उंचीचा धडा मात्र फारसा कुणी घेत नाही. तो एका तासात होतो.

फळ्यावर तीन आकडे लिहा. कळसूबाई १,६४६ मीटर, मनाली सुमारे २,००० मीटर, भृगू तलाव ४,२०० मीटरपेक्षा जास्त. म्हणजे मनालीच्या हॉटेलात नुसतं झोपलेलं मूलसुद्धा कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंचावर असतं! मुलांना याची फार गंमत वाटते.

मग विचारा, वर दम का लागतो? "हवेत ऑक्सिजनचं प्रमाण घटतं" असं उत्तर हमखास येतं. ते चूक आहे. प्रमाण तेच राहतं, सुमारे २१ टक्के. घटतो तो हवेचा दाब. तलावापाशी तो समुद्रकाठच्या जेमतेम ६० टक्के उरतो, म्हणून प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी मिळतो. याच कारणाने तिथे पाणी ८६ अंशांच्या आसपास उकळतं आणि कुकर नसेल तर डाळ शिजता शिजत नाही.

फोटोतलं निळं पाणी मे महिन्यात बहुधा दिसत नाही, हेही आधीच सांगून ठेवा. तलाव बर्फाखाली असतो. बर्फ पाण्यावर तरंगतो आणि ४ अंशांचं पाणी सर्वांत जड असतं, हा पाठ्यपुस्तकातला भाग इथे सहज शिकवता येतो.

आता खरी गोष्ट. विरळ हवेत डोकं दुखणं, मळमळ, भूक न लागणं, चक्कर ही शरीराची तक्रार असते. पण मुलं ती लपवतात. घरच्यांनी पैसे भरलेत, मित्र पुढे चाललेत, "मला मागे ठेवतील" ही भीती असते. गड चढण्यात पटाईत असलेलं मूल तर हमखास लपवतं, आणि तंदुरुस्त माणसालाही हा त्रास होतो. म्हणून घरीच स्पष्ट सांगा, "डोकं दुखलं की लगेच सांगायचं. तलाव राहिला तरी आम्ही रागावणार नाही." हे वाक्य आईबाबांच्या तोंडून यायला हवं, सरांनी सांगून भागत नाही.

नियम सोपा आहे. लक्षणं असताना आणखी वर जायचं नाही. वाढत असतील तर खाली उतरायचं. बसल्या जागी धाप लागली, तोल जायला लागला किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर रात्र असली तरी थांबायचं नाही, ताबडतोब उतरायचं.

पैसे भरण्याआधी ट्रेक नेणाऱ्यांना विचारा, कुठल्या रात्रीचा मुक्काम किती उंचीवर आहे? साधारण ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये. मुलांकडून त्या आकड्यांचा आलेखच काढून घ्या, उडी कुठे मोठी आहे ते त्यांनाच दिसेल. आणि एकाच मुलाला मधूनच खाली आणायची वेळ आली, तर त्याच्यासोबत कोण उतरणार, हेही नावानिशी विचारून ठेवा.