समाजमाध्यमे आणि इंग्रजी लेखनाचा सराव

विद्यापीठात शिकणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांना इंग्रजी वाचून समजते. परंतु चार ओळी स्वतःच्या मनाने लिहावयाच्या झाल्या की हात थबकतो. घरात इंग्रजी जाणणारे कोणी नाही आणि निबंध वाचणारा एकच, तोही लाल शाई घेऊन! मोबाईलवर मात्र हीच मुले दिवसभर लिहीत असतात, कारण तिकडे कोणीतरी वाचणारे असते. प्राध्यापकांनी हा वाचक वर्गासाठी मिळवून द्यावा.

त्यासाठी गट करून आठवड्याला एक विषय द्यावा. वसतिगृहातील पाणी, रखडलेली शिष्यवृत्ती असे विषय असले म्हणजे सांगण्यासारखे काही असते. प्रत्येकाने पाच वाक्ये प्रथम केवळ शिक्षकांकडे पाठवावीत. त्यांतील एखादे वाक्य शिक्षकांनी नाव न घालता गटावर ठेवावे व दुरुस्ती मुलांनाच करू द्यावी. उदाहरणार्थ, 'मी गेलो नाही' याचे 'आय डिड नॉट वेन्ट' असे होते. हा निष्काळजीपणा नव्हे. मराठीत नकारातही भूतकाळ 'गेलो' या क्रियापदावरच राहतो. इंग्रजीत तो 'डिड'कडे जातो आणि मागे नुसते 'गो' उरते. एकदा हे उमगले की अशी दहा वाक्ये मूल स्वतःच सुधारते. एकाच वेळी सगळ्या चुका दाखवू नयेत. मूल पुन्हा लिहीतच नाही.

ट्विटर २००६ साली सुरू झाले. तेथे पूर्वी १४० अक्षरांची मर्यादा होती. २०१७ साली ती २८० झाली. (२०२३ पासून त्याचे नाव एक्स आहे.) ही मर्यादा सरावाला उत्तम. आपल्या अर्जांची सुरुवात अजूनही 'विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टु स्टेट' अशी होते. तोच अर्ज २८० अक्षरांत बसवावयास सांगावे. भीक मागणारे शब्द आपोआप गळतात.

व्हॉट्सॲपच्या गटात सामान्यतः प्रत्येकाचा क्रमांक सर्वांना दिसतो, याचा त्रास मुलींना होऊ शकतो. टेलिग्रामवर क्रमांक लपविण्याची सोय आहे, ती आधी करून घ्यावी. नोकरी करणाऱ्या सभासद बंधुभगिनींनी अशा गटात केवळ वाचक म्हणून यावे आणि मजकुराला उत्तर द्यावे, व्याकरणाला नव्हे.

हल्लीचे मोबाईल संपूर्ण वाक्येही सुचवितात. म्हणून पहिला मसुदा वहीत हातानेच लिहावा व त्याचे छायाचित्र पाठवावे. ज्याच्याकडे मोबाईल नाही त्याचे पान मित्राने पाठविले तरी चालते.