फिल्टरमधली मातीची कॅण्डल रंग किती गाळते? तपासणीचा खर्च

गाळलेलं पाणी नितळ दिसलं की आपण निर्धास्त होतो. पण पाण्यात विरघळलेला रंग कॅण्डल खरोखर अडवते का, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. प्रकाशाच्या साध्या सेन्सरने ते कळतं. नांदुरा तालुक्यातल्या एखाद्या शाळेला किंवा बचत गटाला हा खर्च सहज पेलेल.

अंदाजे खर्च
- कॅण्डल : १०० ते २५० रु.
- मल्टिमीटर : २०० ते ३०० रु.
- लाल व हिरवा एलईडी, रेझिस्टर, एलडीआर (हाच प्रकाशाचा सेन्सर) : ३० ते ५० रु.
- जुनी यूएसबी वायर : ४० रु.पर्यंत
- मिथिलीन ब्लू (निळा रंग; शोभेच्या माशांच्या दुकानात मिळतो) आणि खाण्याचा लाल रंग : ८० ते १५० रु.

एकूण साधारण ४०० ते ८०० रु. सुटे भाग खामगाव-अकोल्याकडे किंवा ऑनलाइन मिळतात. आकडे आपोआप नोंदवायचे असतील तर आर्डुइनो आणि डिजिटल सेन्सरसाठी आणखी ५०० ते ८०० रु. धरा. तयार कलरीमीटर (रंग मोजण्याचं यंत्र) मात्र काही हजारांचा. तो विकत घेण्याआधी जवळच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात विचारा.

तपासायचं कसं?
एक खोका घेऊन तो आतून काळ्या कागदाने मढवा. एका बाजूला एलईडी, समोर एलडीआर, मध्ये काचेची बाटली. निळ्या रंगासाठी लाल प्रकाश वापरा, लाल रंगासाठी हिरवा. रंग जितका गडद, तितका प्रकाश कमी पोहोचतो आणि मल्टिमीटरवर ओहमचा आकडा चढतो. आधी रंगाचं पाणी पूर्ण, निम्मं, पाव आणि अष्टमांश असं पातळ करून चार आकडे लिहून ठेवा. मग गाळलेल्या पाण्याचा आकडा त्यांच्याशी ताडून पाहा. वीज मोबाइलच्या चार्जरवरून घ्या. बॅटरी उतरली की प्रकाश मंदावतो आणि स्वच्छ पाणीही रंगीत ठरतं.

इथे फसगत होते
नव्या कॅण्डलमधून सुरुवातीला मातीचे कण येतात आणि तेही प्रकाश अडवतात. म्हणून पहिलं गाळलेलं पाणी टाकून द्या आणि त्याच कॅण्डलमधून आलेल्या साध्या पाण्याचा आकडा शून्य माना. मिथिलीन ब्लूचे कण धनभारित असतात, मातीचा पृष्ठभाग ऋणभारित. त्यामुळे पहिल्या काही लिटरांत निळा रंग मातीला चिकटतो आणि कॅण्डल उत्तम वाटते. लाल रंग ऋणभारित असल्याने बहुतेक तसाच उतरतो. दोन्ही रंग लावा आणि आकडा स्थिरावेपर्यंत गाळत राहा. तपासलेली कॅण्डल पिण्याच्या पाण्यासाठी पुन्हा वापरू नका.

मग पैसे कशावर खर्चायचे?
कॅण्डलची छिद्रं गढूळपणा आणि बरेचसे जंतू रोखण्याजोगी बारीक असतात, पण रंगाचा रेणू त्याहून कितीतरी लहान. विरघळलेला रंग काढायला सक्रिय कोळसा लागतो, आणि कोळसा भरत आला की हाच सेन्सर ते दाखवतो. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५००:२०१२ या मानकात रंगाची मर्यादा ५ हेझन आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १५. इतका फिका रंग हा खोका पकडू शकत नाही. तो फिल्टरांची तुलना करतो, पाणी पिण्याजोगं ठरवत नाही.

पूर्णा नदीकाठचा खारपाणपट्टा, म्हणजे खाऱ्या पाण्याचा पट्टा, नांदुरा तालुक्यालाही भिडलेला आहे. क्षार रंगहीन असतात; ते या सेन्सरला दिसत नाहीत आणि कॅण्डलला अडवता येत नाहीत. त्यासाठी २०० ते ४०० रु.चा टीडीएस मीटर घ्या. त्याच मानकात टीडीएसची, म्हणजे विरघळलेल्या क्षारांची, मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, पर्याय नसेल तर २०००. बोअरचं पाणी पीत असाल तर टीडीएस मीटर आधी घ्या, नमुना सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या, आणि मगच फिल्टरच्या दुकानाची पायरी चढा.